नाकेदाराचा प्रश्न

नेव्हाडातल्या रीनोहून परत येताना ट्रकीजवळ आय-८० महामार्गावर गाड्या अचानक मंदावल्या. पुढे रस्ताभर पसरलेली छपरं, त्याखाली केबिन, केबिनमध्ये गणवेशातली माणसं. पुढच्या सीटवर पेंगत असलेले अण्णा ताठ बसले. चष्मा पुसला.

"नाका आहे गं!"

कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर शेतमालाची तपासणी होते. बाहेरच्या राज्यातून फळांबरोबर कीड येऊ नये म्हणून. आमची पाळी आली. केबिनमधल्या बाईंनी विचारलं, फळंबिळं काही आहे का? नवऱ्याने नाही म्हटलं, त्यांनी हात केला, आम्ही निघालो. अण्णा मान वळवून मागे बघत होते. "पावती नाही देत?" मी म्हटलं, पैसेच घेत नाहीत तर पावती कसली? त्यांचा चेहरा पडला. पैसे न घेणारा नाका ही त्यांच्या मते वाया घालवलेली जागा होती.

मैलभर पुढे गेल्यावर मागून आईचा आवाज आला. "लिंबं आहेत की माझ्या पिशवीत. रीनोच्या दुकानातली."

"नाका चुकवलात," अण्णा म्हणाले. ते इतके हसले की ठसका लागला.

अण्णा एका लहान नगरपालिकेत नाकेदार होते. १९९९ साली राज्याने नगरपालिकांची जकात बंद केली आणि नोकरीची शेवटची चार वर्षं त्यांना घरपट्टी विभागात काढावी लागली. ती त्यांनी शिक्षा भोगल्यासारखी काढली. त्याआधीची तीसेक वर्षं मात्र नाक्यावर. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे. रॉकेलच्या कंदिलाच्या, नंतर चाळीस वॅटच्या बल्बच्या उजेडात एक टेबल, त्यावर दरपत्रक, खडूने आकडे लिहिलेली पाटी आणि कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. ट्रक थांबायचा, क्लीनर उडी मारून बिल्टी घेऊन यायचा. अण्णा बिल्टी वाचायचे, ताडपत्रीखाली हात घालून माल बघायचे, आकडेमोड करायचे आणि पावती फाडायचे. "बिल्टी सांगते माल कुठून कुठे चाललाय. पावती सांगते पैसा पोचला," हा त्यांनी मला शिकवलेला पहिला हिशेब. सकाळी रोकड मोजून भरणा व्हायचा. सफाई कामगारांचे पगार, दिवाबत्ती, पाण्याच्या टाकीची ब्लीचिंग पावडर, सगळं त्यातून.

जकात फार गुणाची होती असं नाही. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, डिझेल जळायचं, आणि नाक्यावरची प्रत्येकच रोकड पावतीपुस्तकात शिरत नसे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. व्यापाऱ्यांनी ती बंद पाडण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली ती उगाच नाही. पण बंद झाल्यावर तिच्या जागी राज्याचं अनुदान आलं, आणि गावातला प्रश्नच बदलला. आधी लोक विचारायचे, "आज नाक्यावर किती झाले?" नंतर विचारायला लागले, "अनुदान आलं का?" या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे कळायला मला कॅलिफोर्नियात यावं लागलं.

ते असं झालं. रीनोची ही सहल २०१० च्या ऑक्टोबरमधली. आईअण्णा सहा महिन्यांसाठी फ्रीमाँटला आमच्याकडे आले होते. त्याच वर्षी मी अमेरिकेची नागरिक झाले होते आणि नोव्हेंबरमध्ये माझं पहिलं मतदान होतं. टपालाने मतदार पुस्तिका आली. त्या वर्षी राज्यभरासाठी नऊ प्रस्ताव मतदानाला होते, १९ ते २७. इथे त्यांना सगळे 'प्रॉप' म्हणतात. मित्रमंडळींत चर्चा फक्त प्रॉप १९ ची, कारण तो गांजाबद्दल होता. दिवाळीच्या फराळाचं बोलणं निघालं तरी गाडी गांजावर जायची.

अण्णा दुपारी पोर्चमध्ये बसून ती पुस्तिका वाचायचे. सरकारी इंग्रजी त्यांना जड जात नाही, उलट सोपं इंग्रजी जड जातं. प्रत्येक प्रस्तावाला एक बाजूचा युक्तिवाद, एक विरोधातला, आणि मध्ये विधिमंडळाच्या विश्लेषकाने मांडलेला खर्चाचा हिशेब, ही रचना त्यांना बेहद्द आवडली. "भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये हिशेबनीस बसवलाय. आपल्याकडे हिशेबनीस शेवटी येतो, चौकशीला." तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पानावर बोट ठेवून मला हाक मारली. पान प्रॉप २२ चं होतं.

प्रॉप २२ ची मागणी थोडक्यात अशी: स्थानिक संस्थांसाठी असलेला कराचा पैसा राज्य सरकारने उसना घेऊ नये, वळवू नये, लांबवू नये. वाहतुकीसाठीचा इंधनकर, मोडकळीला आलेल्या भागांसाठीच्या पुनर्विकास संस्थांचा मालमत्ता कर, शहरांचा आणि काउंटींचा (म्हणजे इथल्या जिल्ह्यांचा) वाटा, कशालाच हात लावायचा नाही. आणि हे साध्या कायद्यात न लिहिता राज्याच्या संविधानात लिहायचं.

"हे लोकांना विचारतात?" अण्णांनी विचारलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "आमची जकात गेली तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं. परिपत्रक आलं."

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले. "मुळात हा पैसा गावाचा का राज्याचा?"

मला वाटलं होतं एका वाक्यात सांगता येईल. नाही आलं. या राज्यात पैशाची कुठलीही गोष्ट सांगायची तर १९७८ पासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी इथे शहर, काउंटी, शाळा जिल्हा असे प्रत्येक जण मालमत्ता कराचा आपापला दर ठरवत. बेरीज सरासरी अडीच टक्क्यांच्या वर जायची. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भडकल्या, त्याबरोबर कर भडकला, आणि निवृत्त माणसांना स्वतःच्या घरात राहणं परवडेना. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोन करविरोधी कार्यकर्त्यांनी प्रस्ताव मतदानाला आणण्यासाठी सह्या गोळा केल्या, आणि ६ जून १९७८ ला प्रॉप १३ जवळपास दोनतृतीयांश मतांनी संमत झाला. लोकांनी मंजूर केलेल्या कर्जांचा भाग सोडला तर सगळा मिळून कर घराच्या मूल्याच्या एक टक्का. मूल्य १९७५ सालचं धरायचं आणि वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवायचं. घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्याने मूल्यांकन.

आमच्या शेजारी तेव्हा एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच बिल्डरने, एकाच नकाशावर बांधलेलं. त्या सत्तरच्या दशकापासून तिथे, आम्ही २००६ मध्ये घेतलेलं. दोघांच्या करात किती फरक ते मी इथे लिहीत नाही, आमचेच दात आमच्याच घशात जातील. अण्णा घरपट्टी विभागात काम केलेले. त्यांनी दोन्ही घरांच्या पायऱ्या मोजल्या, खिडक्या मोजल्या आणि मान हलवली. "घर तेच, पट्टी वेगळी. आमच्याकडे असं दिसलं असतं तर कारकून निलंबित झाला असता."

पण आपल्या गोष्टीतली खरी मेख वेगळीच. प्रॉप १३ ने दर ठरवला, वाटणी ठरवली नाही. एक टक्क्यातलं किती शहराला, किती काउंटीला, किती शाळांना, हे 'कायद्यानुसार' ठरवावं इतकंच लिहिलं. कायदा करतं कोण? राज्य. स्थानिक संस्थांचं मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून जास्त आटलं होतं. राज्याच्या तिजोरीत मोठी शिल्लक होती, ती गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी गावांना वाटली. गावं तरली. पुढच्या वर्षी वाटणीचं सूत्र ठरलं: सत्तरच्या दशकात ज्याचा वाटा जितका, त्या प्रमाणात आताही. तेव्हा ज्या शहराने काटकसर करून दर कमी ठेवला होता, त्याला कायमचा लहान वाटा. चांगुलपणाची अशी शिक्षा सरकारी सूत्रंच देऊ शकतात.

आणि ज्याने वाचवलं त्याला वाटायला लागलं की हा पैसा आपलाच. १९९२ आणि ९३ मध्ये मंदी आली तेव्हा राज्याने शहरांच्या आणि काउंटींच्या मालमत्ता करातला मोठा हिस्सा शाळांच्या निधीत वळवला. शाळांना किमान इतकं द्यायचंच असं १९८८ च्या एका प्रस्तावाने राज्यावर बंधन होतं. ते बंधन राज्याने गावांच्या खिशातून पाळलं. मग वाहन शुल्काची कथा. तेही गावांचं उत्पन्न. राज्याने लोकप्रियतेसाठी ते गाडीच्या मूल्याच्या दोन टक्क्यांवरून उतरवत ०.६५ वर आणलं आणि तूट आपण भरून देऊ असं गावांना सांगितलं. २००३ मध्ये पैसे संपल्यावर शुल्क परत वर गेलं, लोक खवळले, आणि त्या खवळण्यानेही हातभार लावून गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी घरी पाठवलं. आर्नोल्ड श्वार्झनेगर आले ते पहिल्याच दिवशी शुल्क खाली आणून. टाळ्या त्यांना, खड्डा गावांच्या अंदाजपत्रकात.

"उदार कोण झालं, कुणाच्या जिवावर," अण्णा पुटपुटले.

तेव्हा गावं पहिल्यांदा एकत्र येऊन मतपेटीकडे वळली. २००४ चा प्रॉप १ए. त्यासाठी त्यांनी राज्याशी सौदा केला: दोन वर्षं दरवर्षी १.३ अब्ज डॉलर आम्ही सोडतो, त्यानंतर आमच्या पैशाला हात लावायचा नाही. सुमारे ८४ टक्के लोकांनी होकार दिला. पण त्यात एक खिडकी ठेवली होती. आर्थिक संकट असेल तर राज्याला मालमत्ता कराचा आठ टक्के भाग उसना घेता येईल, तीन वर्षांत व्याजासकट फेडायचा, दहा वर्षांत दोनदाच. २००९ च्या उन्हाळ्यात राज्य इतकं कफल्लक झालं की ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांना पैशांऐवजी हुंड्या द्यायला लागलं. त्याच उन्हाळ्यात ती खिडकी उघडली. सुमारे १.९ अब्ज डॉलर उसने घेतले. शिवाय पुनर्विकास संस्थांकडून १.७ अब्ज घेतले, ते उसने नव्हे. प्रॉप २२ जन्मला तो या रागातून. खिडकी बुजवून टाकण्यासाठी.

हे सगळं मी अण्णांना तुकड्यातुकड्यांत सांगत होते, भांडी घासताना, गाडीतून जाताना. ऑटो मॉल पार्कवेवरून जाताना त्यांनी विचारलं, गाड्यांच्या दुकानांचं नाव रस्त्याला कशाला? मी सांगितलं, विक्रीकरातला किमतीच्या एक टक्क्याइतका भाग, जिथे विक्री होते त्या शहराला मिळतो. त्यामुळे इथल्या शहरांना घरांपेक्षा दुकानं प्यारी, आणि सगळ्यात प्यारी मोटारींची. घर बांधलं की पोलीस, बंब, बागा पुरवा आणि बदल्यात करातला लहानसा तुकडा घ्या. शोरूम बांधली की दर गाडीमागे रोकड. या भागात घरांची इतकी टंचाई का, याच्या अनेक कारणांतलं हेही एक आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं असं मला वाटतं.

अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे जकातच की ही! माल गावात शिरला की नव्हे, गावात विकला गेला की."

मतदानाची तारीख जवळ आली तसा माझा गोंधळ वाढला. विरोधातली पानंही खोटी नव्हती. पुस्तिकेतला हिशेबनीस सांगत होता की राज्याच्या हातचे दरवर्षी एक ते काही अब्ज डॉलर जातील. मग शाळांचं, आरोग्याचं काय? अग्निशमन दलांचे प्रमुख प्रस्तावाच्या बाजूने आणि जवानांची संघटना विरोधात, म्हणजे एकाच बंबावरचे लोक दोन बाजूंना. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. शाळेच्या पहिल्या दिवशी पालकांनी आणायच्या यादीत पेन्सिलींबरोबर छपाईच्या कागदांची रिमं आणि हात पुसायचे कागद असायचे. आणि राज्याचं अंदाजपत्रक त्या वर्षी शंभर दिवस उशिरा, ८ ऑक्टोबरला मंजूर झालेलं. अशा घरात भावाभावांची वाटणी कायमची दगडात कोरून ठेवणं शहाणपणाचं आहे का? उद्या सगळ्यात धाकटा आजारी पडला तर?

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मला मत नाही." म्हणजे मतदानाचा हक्क नाही. पण मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. जकात गेल्यावर पहिल्या वर्षी अनुदान दिवाळीनंतर आलं. सफाई कामगार पालिकेच्या पायऱ्यांवर बसून होते. अण्णा तेव्हा घरपट्टीच्या खिडकीत. त्यांच्यातला एक जण, ज्याला अण्णा वीस वर्षं ओळखत होते, खिडकीशी येऊन म्हणाला, "नाकेदार, एक रात्र नाका उघडा की. पगार निघंल."

"त्याला काय सांगणार? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं ठरलं की तहान लागली तेव्हा मिळत नाही, ओंजळ भरेल तेव्हा मिळतं."

मी प्रॉप २२ समोर 'होय' भरलं. कारण अर्थशास्त्र नव्हतं, तो माणूस होता. २ नोव्हेंबरला सुमारे ६१ टक्क्यांनी प्रस्ताव संमत झाला. अण्णांनी माझ्या 'मी मतदान केलं' या चिकटपट्टीसकट फोटो काढून घेतला आणि डिसेंबरात ते परत गेले, आपण संविधान दुरुस्त करून आलो अशा थाटात.

त्याच दिवशी जेरी ब्राऊन पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आले होते. होय, तेच, १९७८ चे. मधल्या काळात ते आठ वर्षं ओकलंडचे महापौर होते, आणि महापौर म्हणून पुनर्विकास संस्थेचा पैसा त्यांनी शहराच्या मध्यभागी नवी घरं उभी करायला वापरला होता. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की राज्यातल्या सगळ्या पुनर्विकास संस्था बंद कराव्यात.

या संस्थांबद्दल दोन शब्द. शहराने एखादा भाग 'मोडकळीला आलेला' ठरवायचा. त्या दिवसापासून तिथल्या मालमत्ता करात जी वाढ होईल ती बहुतेक सगळी संस्थेला, त्यावर कर्ज काढून विकास करायचा. अशा सुमारे ४०० संस्था, आणि राज्यभरातल्या मालमत्ता कराचा साधारण १२ टक्के भाग त्यांच्याकडे. काहींनी खरोखर मेलेल्या वस्त्या जिवंत केल्या. काहींनी मोकळी रानं 'मोडकळीला आलेली' ठरवून त्यावर शोरूम उभ्या केल्या. पण पाचवा हिस्सा कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी ठेवायचं बंधन सगळ्यांवर होतं.

प्रॉप २२ ने बजावलं होतं, या संस्थांचा पैसा घ्यायचा नाही. विधिमंडळाने जून २०११ मध्ये दोन जुळे कायदे केले. पहिला: संस्था बंद. दुसरा: बंद व्हायचं नसेल तर पैसे भरा, पहिल्या वर्षी सगळ्यांनी मिळून १.७ अब्ज. शहरांची संघटना आणि पुनर्विकास संस्थांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हातात प्रॉप २२. दोन्ही कायदे रद्द करा.

२९ डिसेंबर २०११ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दुसरा कायदा घटनाबाह्य, कारण प्रॉप २२ नुसार असे पैसे मागताच येत नाहीत. शहरांचं म्हणणं मान्य. आणि पहिला कायदा वैध, कारण विधिमंडळाने ज्या संस्था निर्माण केल्या त्या विधिमंडळाला बंदही करता येतात. म्हणजे पैसे भरून जगायचा रस्ता बंद झाला, तो प्रॉप २२ मुळे, आणि मरणाचा हुकूम तेवढा कायम राहिला. १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्या संस्था विसर्जित. घरांसाठीचा तो पाचवा हिस्सा, वर्षाला जवळपास एक अब्ज डॉलर, तोही त्यांच्याबरोबर गेला. त्याची भरपाई करायला राज्याला पुढे कितीतरी वर्षं लागली.

मी रात्री अण्णांना फोन केला. तिकडे सकाळ. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता.

"म्हणजे पैशाला हात लावला नाही त्यांनी."

"नाही."

"पैसे ठेवायची पेटीच उचलून नेली."

"हो."

"हात दाखवून अवलक्षण," अण्णा म्हणाले. पण त्यात टिंगल नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "तरी तू बरोबर केलंस. पेटी नेताना निदान कोर्टात सांगावं लागलं त्यांना, का नेतोय ते."

मला अजून ठरवता आलेलं नाही मी बरोबर केलं का ते. इंधनकराचा पैसा त्यानंतर सुरक्षित राहिला, आमच्या रस्त्याचं डांबर त्यातूनच आलं असेल. पण स्वस्त घरांचा प्रश्न निघाला की मला माझ्या मतपत्रिकेतला तो काळा ठिपका आठवतो.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. अण्णा तेव्हा बहात्तरचे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्तमानपत्राचा फोटो पाठवला: राज्याकडून मुंबई महापालिकेला भरपाईचा पहिला धनादेश, सुमारे ६४७ कोटींचा, समारंभपूर्वक. खाली लिहिलं होतं, "आमच्या नाक्यावर ट्रकवाला पैसे द्यायचा तेव्हा कुणी फोटो काढत नव्हतं." मी कळवलं की या वेळी भरपाई कायद्यानेच बांधून दिली आहे, दरवर्षी आठ टक्के वाढीसकट. उत्तर लगेच आलं. "कायद्यात ना? संविधानात नाही?"

आमच्या मालमत्ता कराचा पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरायचा असतो. गेल्या वर्षी भरताना मी बिल नीट वाचलं. काउंटीवाइड टॅक्स, एक टक्का, अशी एकच ओळ. त्याखाली लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या कर्जरोख्यांची यादी, शाळेचे, कॉलेजचे, सगळे नावानिशी. पण त्या एक टक्क्यातलं फ्रीमाँट शहराला किती, हे कुठेच नाही. मी बिलाचा फोटो काढून अण्णांना पाठवला आणि विचारलं, यात गावाचा वाटा शोधून दाखवा.

ते आता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षर मोठं करून वाचतात, त्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आले. मागे आई काहीतरी निवडत बसली होती.

"वाचलं मी. ही पावती नव्हे गं," ते म्हणाले. "ही बिल्टी आहे. माल अजून रस्त्यातच आहे."